परसबाग : मांडव आधी, बी मागून

मे महिना अर्धा सरला की आमच्या सांगलीत घरोघरी दोन गोष्टींची गडबड सुरू होते. एक शाळेच्या वह्या-पुस्तकांची आणि दुसरी बियाणांची. मृग तोंडावर आलेला असतो. कारल्याच्या, दोडक्याच्या बियांच्या पुड्या घरात येतात, रात्री वाटीत भिजत पडतात आणि सकाळी कुंडीत किंवा आळ्यात जातात. आठ-दहा दिवसांत कोंब वर येतात, घरभर कौतुक होते. मग पंधरा-वीस दिवसांनी वेल हात पसरून आधार मागू लागला की धावपळ उडते. "अहो, एखादी काठी आहे का? निदान जुनी दोरी तरी?" वेल कोवळा, काठी मोडकी, दोरी झिजलेली आणि वरून पाऊस! असा मांडव श्रावणापर्यंत टिकला तर नशीब.

इंदूरच्या एका वाचक भगिनीने विचारले आहे, की बाजारात वेलांसाठी तयार सांगाडे मिळतात, पण ते परवडत नाहीत. घरातल्या टाकाऊ सामानातून मांडव करता येईल का? येईल, आणि विकतच्यापेक्षा चांगला येईल. आमच्या गच्चीवर गेली अकरा वर्षे मी मांडव घालते आहे. त्यापायी पैसे खर्च झाले ते फक्त एक वेटोळे तारेवर. पण सामान कोणते वापरावे हे सांगण्याआधी माझी एक फजिती सांगायला हवी. फजिती म्हणते खरी, पण तो दिवस आठवला की अजूनही पोटात गोळा येतो.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. तेलाचे दोन रिकामे डबे मातीने गच्च भरले, प्रत्येकात एक बांबू उभा केला, दोन बांबूंमध्ये कपडे वाळत घालायच्या जुन्या तारा ओढल्या आणि त्यावर दोडका चढवला. गच्चीच्या कठड्यालगत सहा फूट उंच, चार फूट रुंद अशी हिरवी भिंत उभी राहिली. येणारा-जाणारा मान वर करून बघायचा. डबे इतके जड, की मला एकटीला हलवता येत नसत. पडायची भीतीच नाही, असे मला वाटले. आषाढातल्या एका दुपारी वारा सुटला. खालून आवाज आला म्हणून धावत वर गेले, तर भिंत जागेवर नव्हती. सगळा मांडव कठड्यावरून शेजारच्या अंगणात पडला होता आणि त्यातला एक डबा शेजारच्या काकी रोज तांदूळ निवडायला ज्या पाटावर बसत, त्या पाटावर. पाट दुभंगला होता. काकी पाच मिनिटांपूर्वी चहा ठेवायला आत गेल्या होत्या.

मी खाली गेले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. काकीच मला पाणी देऊ लागल्या. काका एस. टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते रागावतील असे वाटले होते. पण ते शांतपणे पडलेला डबा फिरवून फिरवून बघत होते. म्हणाले, "सूनबाई, डबे जड आहेत तुझे, पण पाय जवळ आहेत. तासगावला द्राक्षाचा मांडव बघितला आहेस ना? कडेचे खांब कसे असतात?"

बघितले शंभर वेळा होते, लक्ष कधी दिले नव्हते. पुढच्या रविवारी मुद्दाम गेलो. द्राक्षाच्या मांडवाचे कडेचे खांब सरळ उभे नसतात, बाहेरच्या बाजूला कललेले असतात. प्रत्येकाच्या डोक्यापासून जाड तार तिरकी जमिनीत उतरते आणि तिचे दुसरे टोक खोल पुरलेल्या दगडाला बांधलेले असते. सगळा मांडव चहूबाजूंनी ओढून धरलेला. खांब वजन पेलतात, पण मांडव उभा राहतो तो त्या ताणांवर.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की घरगुती मांडव सहसा फळांच्या वजनाने पडत नाही, वाऱ्याने पडतो. दुधीची आठ-दहा फळे धरली तरी भार दहा-बारा किलोचा. तो सरळ खाली येतो, बांबू सहज पेलतो. पण ताशी ५० किलोमीटरचा वारा आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला जवळजवळ १२ किलोचा रेटा देतो. माझी ती सहा बाय चार फुटांची पानांनी भरलेली भिंत म्हणजे सव्वादोन चौरस मीटर. हिशेब करा. पंचवीस किलोंच्या आसपास रेटा, तोही जमिनीपासून तीन फूट उंचीवर, आणि तो अडवायला नऊ इंच रुंदीचा डबा!  मे महिन्यात नुसत्या तारा उभ्या असतात तेव्हा वारा त्यातून आरपार जातो. म्हणून आपण हलवून बघतो आणि म्हणतो, पक्का आहे. पण मांडव जोखायचा तो त्या दिवसाच्या हिशेबाने नव्हे. पाने दाट झाली आहेत, ती पावसाने भिजली आहेत आणि वारा सुटला आहे, अशा दिवसाच्या हिशेबाने. हे सारे वेल चढल्यावर सुधारता येत नाही, कारण तोवर तणाव्यांनी सगळे घट्ट धरलेले असते. खांब हलवला की वेल तुटतो. म्हणून म्हणते, मांडव आधी, बी मागून.

आता सामानाकडे वळू. माळ्यावर चढा.

माझ्या मते सगळ्यात मोठे घबाड म्हणजे जुनी लोखंडी कॉट. पलंग आले आणि या कॉट माळ्यावर किंवा जिन्याखाली गेल्या. सहा फूट लांब, अडीच-तीन फूट रुंद, वर पट्ट्या किंवा जाळी आयती. एक कॉट असेल तर ती जिन्याच्या खोलीच्या भिंतीला उभी टेकवून, आधीपासून असलेल्या हुकांना वर-खाली दोन ठिकाणी तारेने आवळा. झाली ताटी. दोन असतील तर आणखी उत्तम. दोन्ही उभ्या करून डोक्याकडे एकमेकींना टेकवा, तंबूसारख्या, आणि वरचे कोपरे तारेने बांधा. पायांत साडेतीन फुटांचे अंतर ठेवा आणि पाय पसरू नयेत म्हणून खालच्या बाजूंना दोन आडव्या काठ्या किंवा तारा बांधून टाका. चारही कोपऱ्यांत आतून एकेक मातीचा डबा, तोही कॉटच्या खालच्या दांडीला बांधलेला. हाच तो तंबू माझ्या गच्चीवर पुढची दहा वर्षे उभा राहिला. डबे तेच, त्याच तेलाचे. फरक फक्त पायांतल्या अंतराचा. त्यावर काकडी, कारले, घेवडा काहीही चढवा, आणि तंबूच्या सावलीत आत आळूच्या किंवा पुदिन्याच्या कुंड्या सुखाने राहतात.

दुसरी वस्तू म्हणजे टीव्हीच्या अँटेनाचा खांब. एके काळी प्रत्येक घराच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा तो सापळा असे आणि चित्र हलले की घरातले कोणी तरी वर चढून "आता आलं का?" असे ओरडत असे. केबल आणि डिश आल्या, अँटेना गेल्या, पण पुष्कळ घरांवर त्यांचे खांब अजून तसेच आहेत. हा लोखंडी नळ गंजून पातळ झालेला नसेल तर मांडवाचा मधला खांब म्हणून फार चांगला. वरच्या ॲल्युमिनियमच्या काड्या मात्र मोहात पाडतात, पण वाकतात. त्यांवर फार तर वाटाणा चढवावा. मच्छरदाणीच्या दांड्याही तशाच, घेवड्यापुरत्या.

सायकलची जुनी रिम टाकू नका. तारा काढून टाकल्या की तिला कडेने भोके आयती असतात. मधोमध एक भक्कम काठी रोवायची, रिम तिच्या टोकाशी चार तारांनी आडवी टांगायची आणि प्रत्येक भोकातून एकेक सुतळी खाली सोडून जमिनीतल्या खुंटीला बांधायची. सव्वादोन फूट व्यासाच्या जागेत डझनभर चवळीचे किंवा वालाचे वेल गोल चढतात. वारा चहूकडून सारखाच लागतो, म्हणून हे लवकर पडत नाही. मुले आत शिरून बसतात, त्यासाठी एका बाजूच्या दोन-तीन सुतळ्या सोडू नयेत. आमच्याकडे हा ठरलेला दरवाजा आहे.

जवळपास बांधकाम चालू असेल तर मुकादमाशी दोन गोड शब्द बोला. सळयांचे हात-दीड हात लांबीचे तुकडे, बाइंडिंगच्या तारेची भेंडोळी आणि परांचीचे जुने बांबू भंगारात जायचे असतात. विचारून आणा, न विचारता नको. बांबू घेताना हातोडीने ठोकून बघा. टणत्कार आला तर ठीक. बद्द आवाज आला आणि पेरापाशी पिवळट पिठी दिसली तर भुंगा लागलेला आहे, तो घरी आणू नका. बांबू मातीत कुजतो तो नेमका जमिनीलगत. म्हणून खालच्या दोन फुटांना डांबराचा हात द्यावा, किंवा जमिनीत सळईचा तुकडा ठोकून बांबू त्याला जमिनीपासून चार बोटे वर बांधावा. आमच्याकडच्या काळ्या मातीत आणखी एक त्रास आहे. ती पावसात फुगते आणि उघडीप झाली की भेगाळते, त्यामुळे खांब ढिले होतात. खड्डा दीड-दोन फूट घेऊन खांबाभोवती मुरूम आणि दगड ठोकून भरावेत, नुसती माती ढकलू नये.

तार ताणायला यंत्र लागत नाही. ताणाची तार दुहेरी घ्या, दोन्ही तारांमध्ये एक जाड खिळा आडवा घाला आणि खिळा फिरवून पीळ द्या. हवा तेवढा ताण येतो. दोन-तीन आठवड्यांनी तार सैल पडते, तेव्हा आणखी दोन पीळ. आमच्या भागात पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. म्हणून पश्चिमेच्या बाजूला ताण जास्त आणि मजबूत हवेत. इंदूर-भोपाळकडच्या वाचकांनी मे-जूनचे अंधड धरून चालावे, कारण उन्हाळी वेल तेव्हाच भरात असतो. येथे एक पेच आहे. ताटी उत्तर-दक्षिण असली की सकाळ-दुपार दोन्ही बाजूंना ऊन मिळते, पण पश्चिमेचा वारा मग तिला छातीवर घ्यावा लागतो. अंगणात मी ऊन बघते आणि ताण वाढवते. गच्चीवर मात्र वाऱ्याचे ऐकते. ताटी साडेचार-पाच फुटांपेक्षा उंच करत नाही आणि कठड्यापासून तिच्या उंचीइतकी आत ठेवते. पडली तरी आपल्याच गच्चीत पडावी.

आता दोरी. नायलॉनची दोरी बांधायला सोपी, दिसायला मजबूत. पण स्वस्तातली दोरी एक-दोन उन्हाळे खाल्ले की हातात भुसा होऊन येते. ताण देण्यासाठी ती कधीच वापरू नये. सुतळी एका पावसाळ्याची सोबतीण. पण तिचा तोच गुण आहे, हंगाम संपल्यावर वेलासकट कापून खताच्या खड्ड्यात टाकता येते. त्याहून जास्त टिकतो तो काथ्याचा सुंभ. देठ आणि खोड बांधायला मात्र यांपैकी काहीच नको. जुन्या सुती साडीच्या दोन बोटे रुंद पट्ट्या फाडा. आधी काठीभोवती एक वेढा, मग मध्ये तिढा, मग वेलाभोवती सैल वेढा, असा इंग्रजी आठसारखा बांध घाला. वेल आणि काठी यांच्यात कापडाची गादी राहते, वाऱ्यात खोड सोलवटत नाही. सासूबाईंची एक हिरवी नऊवारी आमच्या दोडक्याला चार वर्षे पुरली. त्यांना ते अजून फारसे पसंत नाही.

हैदराबादच्या एका वाचकांची तक्रार आहे, की लोखंडी नळांचा छान मांडव केला, पण कारल्याचा वेल चढतच नाही, घसरून खाली येतो. नळ किती जाड आहे ते त्यांनी लिहिलेले नाही, पण दोष तेथेच असावा. वेल चढतात कसे हे जरा बघायला हवे. घेवडा, वाल, चवळी हे स्वतःच आधाराभोवती वेटोळे घेत जातात. त्यांना उभी काठी किंवा दोरी पुरते. पण कारले, दोडका, दुधी, काकडी, पडवळ, तोंडली ही सारी मंडळी तणाव्यांनी धरून चढतात. तणावा म्हणजे दोऱ्याएवढे बोट, ते दोन इंच जाडीच्या गुळगुळीत नळाला कवटाळणार कसे? त्याला पेन्सिलीएवढे किंवा त्याहून बारीक काही तरी हवे. नळाभोवती सुंभ तिरका गुंडाळून टाका, किंवा शेजारी सुतळी सोडा. आठ दिवसांत वेल वर जाईल.

या तणाव्याची करामत जवळून बघण्यासारखी आहे. त्याच्या टोकाने आधार धरला की उरलेला भाग स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो. अर्धा एका दिशेने आणि मधून पुढे उलट्या दिशेने. त्यामुळे वेल आधाराकडे ओढला जातो आणि झटका बसला तर स्प्रिंग लांबते, तुटत नाही. चार्ल्स डार्विन यांनी १८६५ साली वेलींच्या हालचालींवर मोठा निबंध प्रसिद्ध केला होता. आपल्या दुधी-कारल्याच्याच कुळातली एक युरोपातली वेल सोसाट्याच्या वाऱ्यात कशी टिकते हे बघायला ते मुद्दाम वादळात बाहेर पडले होते, असे त्यांनी त्यात लिहिले आहे. उद्या सकाळी कारल्याचा एक तणावा मुलांना दाखवा आणि पीळ कोठे उलटतो ते शोधायला सांगा.

कोणत्या वेलाला काय, हे थोडक्यात. दुधी, पडवळ आणि दोडक्याला छपरासारखा आडवा मांडव मानवतो, कारण त्यांची फळे लोंबत वाढली की सरळ होतात. उंची साडेसहा फूट ठेवा, म्हणजे डोके न वाकवता खालून फिरता येते आणि हात वर करून फळ तोडता येते. वेल मांडवाला पोचेपर्यंत बगलेतले फुटवे काढत जा. पोचला की शेंडा खुडा, मग फांद्या छपरावर पसरतात. पडवळाच्या टोकाला आपल्या आज्या लहानसा दगड बांधत, ती युक्ती आजही तेवढीच उपयोगी आहे. कारले आणि काकडी यांना उभी ताटी पुरते. ताटीची चौकट सहा इंचांची करा, मूठ आरपार जायला हवी. कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक जाळी फुकट मिळाली म्हणून लावू नका. मी लावली होती. काकड्या भोकांत अडकून कमरेत आवळल्यासारख्या झाल्या आणि हंगाम संपल्यावर वाळलेला वेल जाळीतून उपसायला मला अख्खा रविवार लागला.

काही वस्तू मात्र कितीही फुकट मिळाल्या तरी घरात आणू नका. सिमेंटचे जुने नालीदार पत्रे त्यात पहिले. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि पत्रा कापला-फोडला की त्याचे तंतू श्वासाबरोबर छातीत जातात. कीटकनाशकांचे डबे आणि पिंपे कितीही धुतली तरी नकोत. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर टिकाऊ म्हणून विकले जातात, पण ते टिकतात तेच मुळी त्यांत मुरवलेल्या विषारी तेलामुळे. जुन्या खिडक्यांच्या चौकटी चालतील, पण त्यांचा ऑइलपेंट खरवडत बसू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा आली ती २०१७ पासून, त्याआधीच्या रंगाचा काही भरवसा नाही. गंजका खिळा लागला तर हळद लावून गप्प बसू नये, डॉक्टरांना विचारून धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. आणि लोखंडी मांडव विजेच्या तारांपासून चांगला दूर हवा. गच्चीच्या फरशीत ताण बांधायला हूक तर मुळीच ठोकू नका. पहिल्या पावसात त्याचे उत्तर खालच्या खोलीच्या छतावर दिसते.

दिवाळीनंतर वेल पिवळे पडले की मांडव उतरवायचा. हिरवे असताना ओढू नका; मुळाशी कापून आठवडाभर तसेच वाळू द्या, मग तणावे कुरकुरीत होऊन आपोआप सुटतात. तारा गुंडाळून तेलाचा हात लावून ठेवा. बांबू जमिनीवर नको, दोन विटांवर आडवे, पावसाबाहेर ठेवा. अपवाद तोंडलीचा. ती वर्षानुवर्षे तेथेच राहते, म्हणून तिचा मांडव पहिल्याच वर्षी लोखंडाचा करावा. पडवळाला बांधलेले दगड मात्र टाकू नका, एका डब्यात घालून ठेवा. आमचे काकींकडे असतात. त्यांनाही आता पडवळ लावायचा नाद लागला आहे आणि जूनमध्ये आम्ही दोघी ते मोजून वाटून घेतो.